हरलेल्या रातकिड्यांचं कपाट

बंगळुरू,
११ ऑगस्ट २०२४

ती. चंद्रभानमामांना,
सप्रेम जयभीम.

काल दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुमच्या सुनेने, वर्षालीने उचलला. म्हणाली, "ताई, बाबाले आता बिलकुल ऐकू येत नाई. मी ओरडली तं शेजारचे ओ देतात, बाबा नाई देत. तुम्ही कागदच टाका." म्हणून हे पत्र. हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षर सांभाळून घ्या.

काम असं आहे. वर्ध्याच्या आपल्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे. प्राणिशास्त्र विभागाने मला लेख मागितला आहे, 'माझी पहिली प्रयोगशाळा' असा. लिहायला बसले आणि लक्षात आलं की ती खोली मला नीट आठवतच नाही. सूक्ष्मदर्शक आठवतो, आकडे आठवतात, सरांचा खोकला आठवतो. पण कपाटं कोणत्या रंगाची होती? रातकिडे कुठून यायचे? आम्ही निघून गेल्यावर आणि सकाळी येण्याआधी त्या खोलीत काय काय व्हायचं? त्या खोलीत मी तीन वर्षं होते, तुम्ही एकवीस. तेव्हा तुम्हीच सांगा. तुमचा दिवस कसा जायचा ते सगळं लिहा, बारीकसारीकसुद्धा.

माझ्याबरोबर माधवी नावाची मुलगी संशोधन करायची, तुम्हाला आठवत असेल. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

आई गेल्यापासून रोहण्याला येणं झालं नाही. चौदा वर्षं झाली. येईन म्हणते.

तुमची,
पौर्णिमा

* * *

रोहणा,
२४ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमाले,
जयभीम.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमनले वाटलं बँकेचं हाय. वर 'मामा' लिहिलं होतं, तेच पहिले दोनदा वाचलं, मंग बाकीचं. तू आपल्या अक्षराची माफी मांगतं, माहं पाहून घे. बरन्यांवर चिठ्ठ्या लिहू लिहू असं झालं.

आता खोली. कपाटं दोन, दोन्ही हिरवी, लोखंडी. खिडकीजवयचं तुहं, दाराजवयचं माधवीबाईचं. तुह्या कपाटाले कुलूप, किल्ली तुह्या पर्समधी. माधवीबाईनं कुलूप लावलंच नाई कधी. म्हने, "काका, रातकिडे कोन चोरते?" मी म्हटलं, चोरले तं भाजून खातीन काय? लय हासली.

रातकिडे मी आनत होतो, सेवाग्रामच्या रस्त्यानं जी वावरं होती तेथून, ढेकलं उलटून. सकाई सातले खोली उघडत होतो. झाडू, मंग डब्यातला जुना पाला काढून नवा, मंग पिचकाऱ्या उकयाले ठेवत होतो. तुह्या डब्यांचं तू आल्यावर तूच करत होती. नऊले तुम्ही दोघी येत होत्या. माधवीबाई पहिले माह्या स्टुलावर बसून चहा घे, मंग कामाले लागे. तू सरळ खिडकीकडे. त्या तीन सालांत मी एक खाडा केला नाई. तुह्या मायले, धुरपताबाईले, सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलतं, ते सा दिवस सोडून.

माधवीबाई जाम गावाले हाय. तिच्या मालकाचं, धीरजभाऊचं, हायवेले लागून कृषी केंद्र हाय, गल्ल्यावर तीच बसते. मी समुद्रपूरले माह्या बहिनीकडे, सीताबाईकडे, जातो तवा उतरतो, स्टूल देते बसाले. एक डाव तुहं विचारलं. म्हने, "मोठी झाली ती." पुढं काई बोलली असन तं मले ऐकू आलं नाई.

आता मले एक सांग. तीन वर्षं मी त्या पिचकाऱ्या उकयल्या. त्यात तुम्ही काय भरत होत्या, ते मले आजपर्यंत कोनी सांगतलं नाई. मी बी विचारलं नाई. आता कान गेले, पन डोकं जाग्यावर हाय. सोपं करून लिहिजो.

तुहा,
चंद्रभान

* * *

बंगळुरू,
५ सप्टेंबर २०२४

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इकडे दरवर्षी मी वर्गभर मुलांना हे शिकवते, आणि ज्यांनी पिचकाऱ्या उकळल्या त्यांना सांगायला मला एवढी वर्षं लागली.

कॉलेजात नोटीस निघाली की तुम्ही रजिस्टर घेऊन वर्गावर्गात जायचात. नोटीस दारापर्यंत पोचून भागायचं नाही. आत शिकवणाऱ्याने ती हातात घेऊन सही करायची, मग वर्गाला कळायचं. किड्याच्या मज्जासंस्थेतही तसंच चालतं. एक पेशी दुसरीला निरोप पाठवते तो रसायनाच्या रूपाने. दुसऱ्या पेशीवर तो घेणारे असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ग्राहीने रसायन धरलं तरच निरोप पोचला. आणि ज्याचा त्याचा ग्राही ठरलेला. मुलींच्या वसतिगृहाची नोटीस भौतिकशास्त्राच्या सरांनी घेऊन उपयोग काय?

रातकिड्याच्या अंगात अशा निरोप्यांपैकी एक आहे, ऑक्टोपामिन. 'ऊठ, भीड' असा त्याचा निरोप. दोन नर समोरासमोर ठेवले की भांडतात हे तुम्ही रोज पाहिलंय. एक हरतो. हरलेला मग तासन्‌तास कुणाच्या वाटेला जात नाही. दुसऱ्याची मिशी नुसती लागली तरी पळतो. आम्ही एकाच नराला दिवसातून दोनदा हरवायचो, तो पार खचेपर्यंत. मग निम्म्यांना सुईने ऑक्टोपामिनसारखं औषध द्यायचो, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी कोण लढायला उठतो ते मोजायचो. औषधवाले उठायचे. मिठाच्या पाण्याचे बसून राहायला हवेत.

एक मोठी काळजी घ्यावी लागायची. हरलेला रातकिडा उडता कामा नये. पाय जमिनीवरून सुटून पंख हलले की त्याच्या स्वतःच्याच अंगात ऑक्टोपामिन वाढतं आणि तो आपली हार विसरतो. डब्यांची झाकणं इतकी खाली होती ती त्यासाठी.

माधवी जामला आहे हे वाचलं. बरं वाटलं, असं लिहिणार होते. बरं वाटलं नाही. कधी भेटले तर सांगेन.

तुमची,
पौर्णिमा

* * *

रोहणा,
१६ सप्टेंबर २०२४

चि. पौर्णिमाले,
जयभीम.

तुहं पत्र मी वर्षालीले मोठ्यानं वाचून दाखोलं. मले तं ऐकू येत नाई, पन घरच्याईनं ऐकलं. म्हटलं, पाहा, तुमचा बाप एकवीस वर्षं काय फक्त झाडू मारत नव्हता, ऑक्टोपामिन होता कॉलेजचा.

आता मजा सांगतो. तुह्या औषधाची गोठ वाचली अन् मले हासू आलं. ते औषध माह्या हातात बी होतं ना बाप्पा! सकाई खोली उघडली का माधवीबाईच्या डब्यात काई काई नर कोपऱ्यात मुंडकं खुपसून बसलेले राहत. मले पाहवे नाई. सुई टोचून घेतली, मार खाल्ला, अन् वरून उपाशी. मी एकेकाले तळव्यावर घेत होतो अन् वर उडवत होतो, हातभर. दोन डाव, तीन डाव. पंख फडफड करे, परत तळव्यावर. मंग डब्यात सोडला का मिशा ताठ! जे आधीच हुशार राहत त्याईले हात लावत नव्हतो, फक्त बसलेले. रोजचं काम होतं माहं ते, झाडूच्या आधीचं. तुह्या कपाटाले कुलूप होतं, नाई तं तुह्याईले बी उडवलं असतं.

अन् हे तुले नवं नाई. तू पाच वर्साची होती, तुमच्या आंगनात मी तुले दाखोलं होतं. हरलेला उडवला अन् तो जिंकलेल्याच्या अंगावर गेला. तू टाया वाजोल्या. धुरपताबाई म्हने, "भाऊ, पोरीले हे काय शिकवून राह्यले?" मी म्हटलं, शिकू दे, कामी पडन.

हे लेखात टाकजो. लोकाईले मजा वाटन.

तुहा,
चंद्रभान

* * *

बंगळुरू,
२७ ऑक्टोबर २०२४

माधवी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकलं नसशील, तर पुढचं वाच.

पत्ता चंद्रभानकाकांच्या सुनेकडून फोनवर घेतला. त्यांचं मागच्या महिन्यातलं एक पत्र सोबत जोडते आहे. माझं पुढे वाचण्याआधी ते वाच.

वाचलंस?

तुझ्या डब्यांतले मिठाच्या पाण्याचे नर सकाळी लढायला उठायचे. माझे बसून राहायचे. दोन महिने सर विचारत होते, एकाच खोलीत, एकाच जातीच्या किड्यांत असा फरक का? फेलोशिप पुढे एकीलाच मिळणार होती. तुझ्या लग्नाचं चाललं होतं, तू चारच्या गाडीने घरी जायचीस. मी सरांना लेखी दिलं. ते वाक्य मला पाठ आहे: 'माधवी यांनी काही नोंदी प्रत्यक्ष न पाहता केल्या असाव्यात.' 'असाव्यात' लिहिलं म्हणजे आपण कुणावर आरोप केला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला खरंच तसं वाटत होतं का? वाटत होतं. पण तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं, हेही तेव्हा कुठेतरी कळत होतं.

सगळ्या शक्यता तपासल्या, असं मी त्या कागदात लिहिलं होतं. औषधाची बाटली, सुया, मिठाचं पाणी, तुझं लक्ष. रोज सकाळी सातला खोली उघडणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही. बाकीच्यांचं जाऊ दे. मला विचारता आलं असतं, कारण ते माझे मामा आहेत. आईचे चुलतभाऊ. हे तुला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "तुम्ही दोघे एकाच गावचे का?" मी म्हटलं, "असतील." मामा तिथेच बरण्या पुसत होते. त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हटलं. आईने पाठवलेला डबा ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि सांगायचे, "गेटवर कोनी देऊन गेलं, मॅडम."

आणि हरलेला रातकिडा उडवला की उठतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्याच तळव्यावर पाहिलं होतं. विसरून गेले होते, असं म्हणवत नाही. त्या माणसाची आठवण मला त्या खोलीत नको होती.

तुझे आकडे खरे होते, माधवी. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस. हे मला कॉलेजच्या त्याच स्मरणिकेत छापायचं आहे आणि विभागाला वेगळं पत्रही द्यायचं आहे. पण तसं करायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे मामा. त्यांना वाटतंय की त्यांनी मला एक गंमत सांगितली. तू लग्नासाठी शिक्षण सोडलंस, एवढंच त्यांना ठाऊक आहे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

काय करू, हे तुला विचारण्याचा हक्क मला नाही. तरी विचारते.

पौर्णिमा

* * *

जाम,
१७ नोव्हेंबर २०२४

पौर्णिमा,

पाकीट फाडलं नाही. आठ दिवस काउंटरच्या खणात, पावतीपुस्तकाखाली पडून होतं. सासूबाई, शोभाबाई आमच्या, म्हणाल्या, "कोर्टाचं आहे का गं?" मी म्हटलं, जवळपास तसंच.

उघडलं त्या दिवशी दुकानात गर्दी होती. एक जण औषध परत घेऊन आला होता. म्हणे, "वहिनी, मारलं तरी किडा दोन तास नाचूनच राह्यला, मरत काऊन नाई?" मी त्याला समजावत होते. हे औषध किड्याच्या निरोप्याच्या जागी जाऊन बसतं. खरा निरोप्या निरोप देऊन निघून जातो, हा जागेवरून उठतच नाही, तोच निरोप देत राहतो, म्हणून किडा नाचतो. मग थकतो. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तं प्रोफेसर व्हायले पायजे होत्या." धीरज हसला. त्याला हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकू येतं. मग मी आत जाऊन तुझं पत्र उघडलं.

मी तुझ्यावर रागावले होते, असं तुला वाटत असेल. पहिलं वर्षभर होते. नंतर काय झालं ते सांगते, कारण ते तुला कळायला हवं. नंतर मला तुझं म्हणणं पटलं. दर वेळी मनात ती खोली उघडायची आणि शोधायचं: मी कुठली सुई बदलली? कुठल्या दिवशी न बघता लिहिलं? सापडायचं नाही. तरी वाटायचं, आपण इतके बेसावध आहोत की आपली चूक आपल्याला दिसतसुद्धा नाही. आजही मी गिऱ्हाइकाला बाटली देताना लेबल दोनदा वाचते. धीरज म्हणतो, "अगं, एक्स्पायरी काय दर मिनिटाला बदलते काय?" मुलीला, रीताला, बारावीनंतर प्राणिशास्त्र घ्यायचं होतं. मी म्हटलं, आपल्या घरात आकडे नीट होत नाहीत गं. ती कॉमर्सला गेली. शेवटच्या वर्षाला आहे आता. हे मी तिला कसं सांगू, ते तू ठरवून देशील का?

वही आहे माझ्याकडे. हिरव्या पुठ्ठ्याची. फेकायला दोनदा काढली, फेकली नाही. तुझं पत्र वाचून परत पाहिली. एक गोष्ट तू विसरली असशील, फेब्रुवारीतले सहा दिवस. एरवी माझे मिठाचे नर उठलेले, त्या सहा दिवसांत मात्र बसलेले. तुझ्यासारखेच. सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं: "या सहा दिवसांत बघून लिहिलंत वाटतं, बाकीचे दिवस नाही."  ते दिवस वेगळे का, हे मी अजून शोधते आहे.

काकांचं. ते इथे येतात, स्टुलावर बसतात, मोसंबी आणतात. ते तुझे मामा आहेत हे वाचून मला तुझी पहिल्यांदा कीव आली. मला लिहायचं होतं की त्यांना काही सांगू नकोस, म्हाताऱ्या माणसाने हरलेला जीव उचलला एवढंच, राहू दे. दोनदा लिहून खोडलं. पौर्णिमा, बावीस वर्षं मी समजूतदारपणे वागले. आता मला ते छापून हवं आहे. माझं पूर्ण नाव, माहेरचं, वहीतले आकडे, सगळं. रीताच्या हातात देता येईल असं.

पण काकांना सांगायचं ते तू. माझ्या तोंडून नाही.

माधवी

* * *

बंगळुरू,
१ डिसेंबर २०२४

ती. मामांना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या सप्टेंबरच्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी पुन्हा विसरली. विसरले नव्हते. तुम्ही आनंदाने लिहिलेली गोष्ट मला आनंदाने वाचता येत नव्हती.

सांगायचं ते सरळच सांगते. माधवीने लग्नासाठी शिक्षण सोडलं नाही. तिला काढलं. तिचे मिठाच्या पाण्याचे नर लढायला उठायचे, उठायला नको होते. कारण कुणाला सापडेना. मी सरांना लिहून दिलं की तिने न पाहता खोटे आकडे भरले असावेत. त्यावर तिची फेलोशिप गेली, मग तीही गेली. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. ते नर का उठायचे ते मला तुमच्या पत्राने कळलं.

मामा, तुम्ही चूक केली असं मी म्हणत नाही. उडवू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. झाकणं खाली का आहेत, हेही नाही. सांगायला हवं होतं ते आम्ही, आणि आमच्यात आधी मी. 'चंद्रभान, चहा' एवढंच त्या खोलीत तुमच्याशी बोललं जायचं. मी तर तेवढंही बोलले नाही. बोलले तर नातं ओळखू येईल, अशी भीती होती मला.

'असतील' हा शब्द तुम्ही ऐकला होता ना? तेव्हा तुमचे कान चांगले होते.

माधवीला तिचे आकडे खरे होते असं छापून हवं आहे, आणि तो तिचा हक्क आहे. छापायचं तर तुमचं काम सांगावं लागेल. तुमचं नाव न घालता 'प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याकडून अनवधानाने' असं लिहिता येईल. तसा मसुदा करून ठेवला आहे. तुम्ही नको म्हणालात, तर मी सगळा दोष माझ्याकडे घेऊन दुसरं काही लिहीन. रागवायचं असेल तर रागवा. पण उत्तर द्या.

तुमची,
पौर्णिमा

* * *

रोहणा,
२२ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमाले,
जयभीम.

तुहं पत्र वाचलं त्या दिवशी जेवलो नाई. वर्षाली समजली, पोट बिघडलं, ओवा घेऊन आली. घेतला. काय सांगू तिले?

दोन दिवस पडून राह्यलो. तिसऱ्या दिवशी सकाई एसटी धरली अन् जामले गेलो. रस्ताभर पाठ करत गेलो का बाई, माह्याच्यानं तुमचं आयुष्य गेलं. तेथं पोचलो अन् नुसता स्टुलापाशी उभा राह्यलो. माधवीबाईनं माह्याकडे पाह्यलं, समजली. पावतीपुस्तक ओढलं, उलटं केलं, मांगं काई लिहू लागली. मले वाटलं, आता शिवी लिहीन. लिहीन तं बरंच होईन. तिनं कागद माह्यापुढं सरकोला. लिहिलं होतं, 'साखर किती टाकू?'

मी रडलो, पौर्णिमा. दुकानात गिऱ्हाईक होते. धीरजभाऊनं त्याईले सांगतलं म्हने, "फवारा डोयात गेला काकाच्या."

मंग तिनं ती हिरवी वही काढली. एकेक पान उलटलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. किती वाजता, किती डाव उडवत होतो, कोनते डबे. अशी विचारे का जशी परीक्षा घेऊन राह्यली. माह्या अठ्ठ्याहत्तर वर्साच्या जिंदगीत माह्या कामाचं एवढं कोनी विचारलं नाई. एका पानावर तिनं बोट ठेवलं. सा तारखा. लिहिलं, 'इथे का नाही उठले?'

मी तारखा पाह्यल्या. सात फेब्रुवारी ते बारा. म्हटलं, बाई, हे तं धुरपताबाईचे दिवस. सेवाग्रामले तिच्या खाटीपाशी मी बसून होतो. वर्ध्याले आलोच नाई. कोन उडवन त्याईले?

तिनं पेन खाली ठेवला.  मंग पोरीले हाक मारली. रीता आली आतून, तिले ते पान दाखोलं. काय बोलली ते मले ऐकू आलं नाई. पन पोरीनं वही दोन हातानं उचलली अन् आत घेऊन गेली.

आता तुह्यावर रागवाचं म्हनतं तं ऐक. त्या सा दिवसात धुरपताबाई दर संध्याकाई दाराकडे पाहे. मी म्हनत होतो, पोरीचा प्रयोग हाय, मोडता येत नाई. ती म्हने, "हो भाऊ, मोडू नोको म्हना." तू एक डाव आली, रविवारी, अर्धा घंटा. मले पाहून बाहेरच थांबली, कारन तुह्यासंगं कॉलेजची एक पोरगी होती. 'असतील' मी ऐकलं होतं. त्याचं मले एवढं वाटलं नाई, नोकरीत मानूस काई बी ऐकते. दवाखान्याच्या दारातलं वाटलं. एवढंच. आता लिहिलं, झालं.

तुहा मसुदा पसंत नाई. 'एका कर्मचाऱ्याकडून' कोन? एकवीस वर्षं त्या खोलीतल्या हरेक बरनीवर माह्या हाताची चिठ्ठी होती, माहं नाव कोठीच नव्हतं. आता एवढासा एक कागद निघून राह्यला अन् त्यातूनबी काढून टाकतं? सरांनी चौकशी केली तवा त्या कागदावर माहं नाव आलं असतं तं माधवीबाई वाचली असती. माहं काय झालं असतं? मेमो भेटला असता. घेतला असता.

म्हनून पुरं नाव लिहिजो. चंद्रभान नत्थूजी थूल, प्रयोगशाळा परिचर, रोज सकाई सात वाजता हरलेले रातकिडे उडवत होता. अनवधान गिनवधान लिहू नोको. मी पाहून, समजून उडवले. त्याईचं दुखनं पाहवलं नाई म्हनून उडवले. माधवीबाईचं आधी लिही, मोठ्या अक्षरात, तिच्या माहेरच्या नावानं. माहं खाली, बारीक चालन.

अन् नावापुढं कंसात नातं लिहिजो. लेखिकेचा मामा. कंस विसरली तं चालन.

तुहा,
चंद्रभानमामा